पाण्याबाहेरची पाणबुडी

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर, वाहत्या रस्त्याला लागून आणि लाटांपासून थोड्याच अंतरावर, काँक्रीटच्या पायावर बसवलेली ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी भारतातील संग्रहालय झालेल्या युद्धनौकांपैकी सर्वांत परिचित म्हणता येईल. १८ डिसेंबर १९६९ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील रिगा बंदरात तिचा भारतीय नौदलात समावेश झाला, ३१ वर्षांच्या सेवेत तिने सुमारे ७३,५०० सागरी मैल अंतर कापले (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर), फेब्रुवारी २००१ मध्ये ती सेवामुक्त झाली आणि ऑगस्ट २००२ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली. या तारखा एकापाठोपाठ वाचताना सारे सहज घडल्यासारखे वाटते, परंतु युद्धनौकेच्या वाट्याला असा शेवट अपवादानेच येतो.

निवृत्त युद्धनौकेपुढे साधारणपणे तीन वाटा असतात. बहुतेक नौका भंगारात जातात, कारण त्यांच्या पोलादाला बाजारात किंमत असते. काही नौका क्षेपणास्त्रांच्या किंवा पाणतीरांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून खोल समुद्रात बुडवल्या जातात. आणि क्वचित एखादीला एखादे शहर मागून घेते. या तिसऱ्या वाटेने गेलेल्या नौकेला संग्रहालय-नौका म्हणतात, आणि इतर संग्रहालयांपासून तिचे वेगळेपण असे की येथे वस्तू ठेवण्यासाठी निराळी इमारत बांधलेली नसते. वस्तू आणि इमारत एकच असतात. कोणत्या नौकेला हे भाग्य लाभेल हे तिच्या पराक्रमावर ठरते असा सर्वसाधारण समज आहे. भारताचा, त्यातही महाराष्ट्राचा अनुभव या समजाला धक्का देणारा आहे. १९७१ च्या युद्धात नाव गाजवलेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मुंबईत टिकू शकली नाही, आणि जिच्या नावावर बुडवलेले एकही शत्रूजहाज नाही ती कुरसुरा मात्र टिकली. या फरकाची कारणे शौर्याच्या इतिहासात शोधण्यापेक्षा गंज, पाणी आणि दरवर्षीचा खर्च यांत शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

कुरसुरा ही भारताच्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी एक होय. १९६७ ते १९६९ या काळात सोव्हिएत संघाकडून आलेल्या या चौघींची नावे ‘कलवरी’, ‘खांदेरी’, ‘करंज’ आणि ‘कुरसुरा’ अशी होती. त्यांपैकी खांदेरीचे नाव मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही, कारण अलिबागजवळच्या ज्या बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून किल्ला उभारला, त्याच जलदुर्गाची आठवण त्या पाणबुडीने वागवली. नाटो राष्ट्रे या जातीच्या सोव्हिएत पाणबुड्यांना ‘फॉक्सट्रॉट’ या सांकेतिक नावाने ओळखत. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास कुरसुरा अरबी समुद्रात गस्तीवर होती. पुढे काही वर्षे ती जागेवर उभी राहिली आणि तिचे सुटे भाग काढून तिच्या बहिणींना बसवण्यात आले. मोठ्या दुरुस्तीनंतर १९८५ मध्ये ती पुन्हा सेवेत आली. आज ज्या यंत्रांसमोर पर्यटक उभे राहतात, त्यांच्यामागे नौदलाच्या काटकसरीचा हा इतिहासही आहे आणि तो एखाद्या विजयगाथेपेक्षा कमी बोलका नाही.

किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पाणबुडीकडे बाहेरून पाहताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती तिच्या उंचीची. ९१.३ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद असलेल्या या नौकेचा फारच थोडा भाग तरंगताना पाण्यावर दिसत असे. उरलेले मोठे पोट सदैव पाण्याखाली राही, त्यामुळे नौदलातील लोकांनासुद्धा ते सुक्या गोदीतच पाहायला मिळे. पाणबुडीला दोन कवचे असतात. आतले कवच जाड पोलादाचे, जवळजवळ नळकांड्याच्या आकाराचे असते आणि पाण्याचा दाब तेच सोसते. बाहेरचे कवच पातळ असून ते नौकेला प्रवाही आकार देते. या दोहोंच्या मधल्या जागेत बॅलास्ट टाक्या, म्हणजे नौकेचे वजन कमीजास्त करण्याच्या टाक्या असतात. त्यांतील हवा बाहेर सोडून पाणी आत घेतले की नौका जड होऊन बुडी मारते, आणि सिलिंडरांत दाबून साठवलेली हवा टाक्यांत सोडून पाणी बाहेर ढकलले की ती वर येते. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, म्हणजे अडीचशे मीटर खोलीवर कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे पंचवीस किलो भार पडतो. आतल्या कवचाला कोपरा का नाही आणि पाणबुडीत खिडकी का नसते, या लहान मुलांच्या हमखास प्रश्नांचे उत्तर या आकड्यात आहे.

आत शिरण्यासाठी संग्रहालयाच्या वेळी कवच कापून दार करण्यात आले आहे. मूळच्या पाणबुडीत माणसे वरच्या झडपांतून शिडीने उतरत. आतला भाग सात कप्प्यांत विभागलेला आहे आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट म्हणजे पोलादी भिंतीतले गोल भोक, ज्यातून जाताना प्रौढ माणसाला आधी डोके आणि मग पाय सांभाळावे लागतात. ही अडचण हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. एखाद्या कप्प्यात पाणी शिरले तर जाड झाकण लावून तो कप्पा उरलेल्या नौकेपासून तोडता यावा, आणि झाकणावर येणारा दाब सर्व बाजूंनी सारखा वाटला जावा, म्हणून दार लहान आणि गोल. असे दार बंद करण्याची आज्ञा देणाऱ्याला पलीकडे कोण राहिले याचा विचार करण्याची मुभा नसते, हे लक्षात घेऊन त्या भोकातून जाणारा पर्यटक क्वचितच आढळतो. मार्गदर्शकाने ते सांगितले तर मात्र गर्दी क्षणभर गप्प होते.

सर्वांत पुढचा कप्पा पाणतीरांचा, म्हणजे टॉर्पेडोंचा. पाणतीर हा स्वतःच्या यंत्राने पाण्यातून धावणारा, सात-आठ मीटर लांबीचा स्फोटक नळा असतो आणि तो डागण्यासाठी कुरसुराच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला, सहा व शेपटीकडे चार अशा दहा नळ्या आहेत. एका वेळी असे २२ पाणतीर बरोबर नेता येत. नळीचा व्यास ५३३ मिलिमीटर असतो. हा आकडा केवळ शस्त्रापुरता नाही, कारण पाणबुडी तळाशी अडकल्यास याच नळीतून सरपटत माणसांनी बाहेर पडायचे अशी सोव्हिएत नौकांमधील योजना होती. पाणतीर ठेवण्याच्या जागेलगतच खलाशांची झोपण्याची बाके होती. आठ अधिकारी आणि ६७ नौसैनिक मिळून पंचाहत्तर माणसे एवढ्या जागेत राहत, जेवत आणि पाळ्या करत. अधिकाऱ्यांची खोली रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यापेक्षा लहान, स्वयंपाकाची जागा तर एका माणसाने हात पसरले की संपणारी. गोडे पाणी जपून वापरायचे असल्याने आंघोळ ही नित्याची गोष्ट राहत नसे, आणि डिझेल, घाम व शिजणारे अन्न यांचा मिळून जो वास तयार होई तो कपड्यांना कायमचा चिकटे असे जुने पाणबुडीवाले सांगतात. संग्रहालयात हा वास नाही, एवढी उणीव प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे.

पुतळे, फलक आणि दिवे यांच्या मदतीने नियंत्रण कक्षाचा कप्पा सर्वाधिक नाट्यमय दिसतो. येथे पेरिस्कोप, म्हणजे आरशांच्या आणि भिंगांच्या साहाय्याने पाण्याखालून वर पाहण्याची लांब नळी आहे. खोली, वेग आणि दिशा दाखवणाऱ्या तबकड्या आहेत. आणि सोनारची, म्हणजे पाण्यातील आवाज ऐकून जहाजाची जागा ओळखणाऱ्या यंत्रणेची जागा आहे. पण पाणबुडीचे खरे स्वरूप ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने पायाखालच्या फरशीकडे पाहावे. राहण्याच्या कप्प्यांच्या खाली शिशाच्या प्रचंड विद्युतघटांच्या रांगा असत, आणि पाण्याखालची सारी हालचाल त्यांच्या जोरावर चाले. डिझेल इंजिनाला जळण्यासाठी हवा लागते, ती पाण्याखाली नसते. म्हणून पाणबुडी पृष्ठभागावर, किंवा पृष्ठभागाच्या जरा खाली राहून ‘स्नॉर्केल’ नावाची श्वासनळी वर काढून, तीन डिझेल इंजिनांनी घट भारित करी आणि मग खाली जाऊन विजेच्या मोटारींवर निःशब्द चाले. घट उतरले की पुन्हा वर येणे भाग. आणि वर आलेली श्वासनळी शत्रूच्या रडारला दिसू शकते, म्हणजे डिझेल पाणबुडीचे सारे डावपेच लपणे आणि श्वास घेणे या दोन गरजांच्या ओढाताणीतून तयार होतात. घट भारित होताना हायड्रोजन वायू सुटतो. त्याचे हवेतील प्रमाण शेकडा चारच्या वर गेले तर ठिणगीनिशी स्फोट होतो, त्यामुळे वायू मोजणे आणि हवा खेळती ठेवणे हे काम तोफखान्याइतकेच जोखमीचे. मागच्या इंजिनकक्षात अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली यंत्रे पाहिली की उष्ण कटिबंधातल्या समुद्रात ती चालू असताना तेथे पाळी करणे काय असेल याची थोडीफार कल्पना येते.

ही नौका किनाऱ्यावर आली कशी, हा भागही तितकाच पाहण्यासारखा, पण तो संग्रहालयात दिसत नाही. पूर्व नौदल विभागाचे तत्कालीन प्रमुख व्हाइस अॅडमिरल विनोद पसरिचा यांनी पाणबुडीचे जतन करण्याची कल्पना मांडली, आंध्र प्रदेश शासन आणि शहराचे विकास प्राधिकरण यांनी ती उचलली, आणि नौका समुद्रातून ओढून वाळूवरून शेकडो मीटर आत आणून काँक्रीटच्या पायावर स्थिर करण्यात आली. सुमारे दोन हजार टनांची वस्तू अशी हलवण्याचे काम सोपे नव्हते. खर्च साडेपाच कोटी रुपयांच्या घरात गेला. त्या वेळी तो मोठा वाटला असणार. आज मागे वळून पाहता संग्रहालय-नौकांच्या व्यवहारातला तो कदाचित सर्वांत शहाणपणाचा खर्च ठरतो, कारण त्या एका निर्णयाने पाणबुडी पाण्याबाहेर निघाली.

पाण्यात उभ्या असलेल्या नौकेचे शत्रू युद्धनौकांपेक्षा चिवट असतात. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने पोलाद आणि पितळेसारखे दोन वेगळे धातू त्यात एकत्र बुडलेले असले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि पोलाद झिजत जाते. ही झीज आपल्या अंगावर घेण्यासाठी तळाला जस्ताचे ठोकळे लावतात आणि ते झिजले की बदलावे लागतात. तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, त्यांच्याखाली रंग सुटतो, रंग सुटला की गंज शिरतो. सेवेतील नौका ठरावीक वर्षांनी सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या कुंडात नेऊन खरवडतात आणि रंगवतात. निवृत्त नौकेला मात्र गोदीत जागा मिळवण्यासाठी सेवेतील नौकांच्या मागे रांगेत उभे राहावे लागते आणि खर्च कोणी द्यायचा हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो. विशाखापट्टणमच्या पाणबुडीलाही खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो, तिचे पत्रे बदलावे लागतात. पण तेथे कामगार शिडी लावून तळापर्यंत पोहोचू शकतो, आणि सारा फरक तेथेच पडतो.

मुंबईत हेच जमले नाही. ‘विक्रांत’ ही मूळची ब्रिटिश नौका ‘हर्क्युलिस’. दुसऱ्या महायुद्धात तिची बांधणी सुरू झाली, १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली आणि युद्ध संपताच काम थांबले. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली, बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करून घेतली, आणि ४ मार्च १९६१ रोजी तेथेच विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या डिसेंबरात बाष्पकाच्या तड्यामुळे तिचा वेग मर्यादित असतानाही तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथील पाकिस्तानी ठाण्यांवर आणि जहाजांवर हल्ले चढवले आणि पूर्व पाकिस्तानची सागरी वाट बंद केली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. महाराष्ट्र शासनाला तिचे संग्रहालय हवे होते, २००१ मध्ये नौदलाने ती लोकांना दाखवायलाही सुरुवात केली आणि पुढील दशकभर मुंबईकरांच्या एका पिढीने शाळेच्या सहलींतून ती पाहिली. परंतु कायमस्वरूपी चालवणारा भागीदार मिळाला नाही, पैसा उभा राहिला नाही, आणि २१३ मीटर लांबीची ही नौका पाण्यात उभ्या उभ्या जीर्ण होत गेली. २०१२ मध्ये ती पर्यटकांसाठी असुरक्षित ठरली. लिलाव झाला, मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिका २०१४ च्या जानेवारीत फेटाळली गेली, सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये अडवले नाही, आणि सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेलेली विक्रांत नोव्हेंबर २०१४ पासून मुंबईच्या दारूखाना भागात तोडण्यात आली. तिच्या धातूचा काही भाग बजाज कंपनीने मोटारसायकलीत वापरला. मुंबईत लायन गेटजवळ उभारलेले तिचे स्मारकशिल्प आज रस्त्यावरून दिसते, आणि ज्या जातीची विमाने तिच्यावरून उडत असत ती पाहायची तर गोव्यात बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात जावे लागते.

‘विराट’ची कथा याहून लांबली नाही. १९५९ पासून ब्रिटिश नौदलात ‘हर्मिस’ या नावाने आणि १९८७ पासून भारतीय नौदलात वावरलेली ही विमानवाहू नौका मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय आणि सागरी पर्यटनकेंद्र करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजुरी दिली. गुंतवणूकदार पुढे आला नाही आणि सप्टेंबर २०२० मध्ये नौका गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर भंगारासाठी चढवली गेली. दोन्ही प्रसंगी भावना होती, घोषणा होती, ठराव होता. वीस वर्षांनंतर रंगाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली पडेल हे कोणी ठरवले नव्हते.

मुंबईला नौका बांधता येतात, जपता येत नाहीत असे म्हणण्याची पाळी एका वेगळ्या नौकेमुळे येते. वाडिया घराण्याच्या जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकचे लाकूड दुर्मिळ झाले होते म्हणून काम भारतात आले. तिचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज १८१२ च्या अखेरीस ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेने जिंकून घेतल्याने दुसरी प्रत पाठवावी लागली आणि बांधणी लांबली. गंमत अशी की अडथळा आणणारी कॉन्स्टिट्यूशन आज बोस्टन येथे आणि अडथळा सोसलेली ट्रिंकोमाली इंग्लंडमधील हार्टलपूल येथे, अशा दोघीही पर्यटकांना खुल्या आहेत. मुंबईतल्या सुतारांच्या हातच्या सागवानी फळ्या दोनशे वर्षांनंतर आज इंग्लंडात तिकीट काढून पाहाव्या लागतात.

जतनाचे उपाय जगभर सापडले आहेत आणि ते गुपित नाहीत. जपानची ‘मिकासा’, जी १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत अॅडमिरल तोगो यांची ध्वजनौका होती, ती १९२६ पासून योकोसुका येथे जमिनीत आणि काँक्रीटमध्ये बसवून ठेवलेली आहे. ब्रिटनची ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून पोर्ट्‌समथच्या सुक्या गोदीत आहे. लंडनच्या थेम्स नदीत तरंगणारी क्रूझर ‘बेलफास्ट’ १९७१ मध्ये लोकांना खुली झाली आणि १९७८ पासून इंपिरियल वॉर म्युझियम या सरकारी मदतीच्या संस्थेकडे आहे. ती टिकली ती संस्थेच्या पाठबळावर, आणि १९९९ मध्ये अठ्ठावीस वर्षांनी प्रथमच समुद्रात निघून दुरुस्तीसाठी गोदीत गेली. याउलट १९४८ मध्ये संग्रहालय झालेल्या अमेरिकेच्या ‘टेक्सस’ या युद्धनौकेचा तळ इतका गळू लागला की ऑगस्ट २०२२ मध्ये तिला ओढून गॅल्व्हस्टन येथील तरंगत्या गोदीत न्यावे लागले. बेलफास्टचा आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. तिथे तोफांइतकीच जागा पावभट्टी, धुलाई, दवाखाना आणि दंतवैद्याची खुर्ची यांना दिलेली आहे, त्यामुळे नौका हे हजार माणसांचे गाव होते हे पाहणाऱ्याला कळते. आपल्याकडे शस्त्रे, ध्वज आणि विजयाचे फलक यांचे पारडे अजून जड असते.

पराभव दाखवण्याचे धाडसही संग्रहालयाला लागते आणि त्याबाबत दीवचे उदाहरण आदराने घेतले पाहिजे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने भारताच्या ‘खुकरी’ या फ्रिगेटला बुडवले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. दीवला त्यांचे स्मारक आहे, आणि त्याच नावाची, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी खुकरी निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये संग्रहालयासाठी तेथील प्रशासनाला देण्यात आली. हंगोर कराचीच्या सागरी संग्रहालयात जपलेली आहे. एकाच रात्रीच्या दोन बाजू दोन देशांत अशा उभ्या आहेत, आणि कुरसुराच्या पाणतीर-कप्प्यात उभे राहणाऱ्याने हंगोरच्या कप्प्याचीही कल्पना करून पाहिली तर पाणबुडीच्या युद्धाचा अर्थ अधिक नीट उमगतो.

विमानवाहू नौकेच्या मोहातून बाहेर पडून लहान नौका जमिनीवर आणण्याची वाट आता पश्चिम किनाऱ्यावरही दिसू लागली आहे. गोव्याच्या दक्षिणेला कारवारच्या किनाऱ्यावर २००६ पासून ‘चपळ’ ही क्षेपणास्त्रनौका लोकांसाठी ठेवलेली आहे. कराचीवर १९७१ मध्ये हल्ला करणाऱ्या नौकांच्याच कुळातली, पण १९७६ मध्ये दाखल झालेली. कल्याणात दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकाठी ‘टी-८०’ ही २०२१ मध्ये निवृत्त झालेली जलद हल्ला नौका आणण्यात आली, आणि ज्या खाडीत शिवकालीन आरमाराची पहिली गलबते बांधली गेली असे मानतात तिच्या काठी आधुनिक नौकेला जागा देणे ही निवड समर्पक आहे. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे पर्यटनस्थळ करण्याचा राज्याचा प्रकल्प वेगळ्या प्रकारचा आहे. तेथे नौका टिकवण्याऐवजी प्रवाळांना आणि माशांना तिच्यावर वस्ती करू देणे अपेक्षित आहे, म्हणजे संग्रहालय या कल्पनेपेक्षा तो कृत्रिम खडकाच्या अधिक जवळ जातो.

विशाखापट्टणमला जाणाऱ्या वाचकाने कुरसुरा धावत्या भेटीत उरकू नये. रस्त्यापलीकडे डिसेंबर २०१७ पासून ‘टीयू-१४२’ या पाणबुडीशोधक विमानाचे संग्रहालय आहे. लपणारी पाणबुडी आणि तिला शोधणारे विमान एकाच फेरीत पाहता येतात आणि तसेच पाहिले पाहिजेत. पाणबुडीत मार्गदर्शक म्हणून निवृत्त नौसैनिक असतात. फलकावर वाचता येण्याजोगी माहिती त्यांना विचारू नये. झोपेची पाळी कशी लावत, घट भारित होईपर्यंत वर किती वेळ राहावे लागे, स्वयंपाकी वादळात काय शिजवत असे, हे विचारावे. भारतीय नौदलातील फॉक्सट्रॉट जातीची शेवटची पाणबुडी ‘वागली’ डिसेंबर २०१० मध्ये निवृत्त झाली, त्यामुळे अशा पाणबुड्यांत प्रत्यक्ष राहिलेली माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम पत्रे बदलण्याइतकेच तातडीने हाती घेतले गेले पाहिजे.